काटे नखांपुरतेच

अगं, सुरुवातीला मीही शस्त्रक्रियेआधी हात धुताना ब्रशच्या काट्यांनी कोपरापर्यंत खसाखसा घासायचे. हात लालभडक, वर औषध लागलं की चरचर! घासून कातडी खरवडते, तिचे कण सुटतात, म्हणूनच २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत जागतिक आरोग्य संघटनेनं शस्त्रक्रियेआधीच्या हात धुण्यात ब्रश नको म्हटलंय. तुमच्या रुग्णालयात ब्रश वापरतातच, तर काटे नखांपुरतेच ठेव. आधी ब्रशच्या पाकिटातल्या प्लॅस्टिकच्या कोरणीनं नखांखालचा मळ वाहत्या पाण्यात काढ. बाकी हाताला ब्रशची दुसरी, स्पंजची बाजू. त्यात बहुतेकदा ४ टक्के क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक मुरवलेलं असतं, दाबलं की फेस येतो. प्रत्येक बोटाच्या चारही बाजू घे. अंगठा हमखास राहतो, माझाही राहायचा. बोटं कोपरापेक्षा वर, पाणी कोपरावरून गळू दे. एकदा वापरायचा ब्रश धुऊन ठेवत बसू नकोस.