वाचकांचे प्रश्न : घरी बर्न केलेल्या डिस्कवर लेबल चिकटवावे का?

प्रश्न : घरातल्या जुन्या व्हिडिओ टेपांवरची दृश्ये संगणकावर घेऊन मी त्यांच्या पंचवीसेक डीव्हीडी तयार केल्या आणि बहुतेकींवर प्रिंटरवर छापलेले गोल कागदी लेबल चिकटवले. त्या वेळी सर्व डिस्क शेवटपर्यंत चालवून तपासल्या होत्या. आता वर्षभराने त्यांतल्या सात-आठ डिस्क सुरुवातीचा तासभर नीट चालतात, पुढे चित्र चौकोनाचौकोनांत फुटते आणि प्लेअर थांबतो. त्याच पाकिटातल्या, पण लेबल न लावलेल्या दोन डिस्क मात्र अजून ठणठणीत आहेत. दोष लेबलाचा, डिस्कचा की प्लेअरचा?

उत्तर : आपल्या प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग आलेला आहे. ध्वनिमुद्रिकेची सुई कडेकडून मध्याकडे जात असे. सीडी आणि डीव्हीडी यांचे वाचन याच्या उलट, मधल्या भोकाजवळून सुरू होऊन बाहेरच्या कडेकडे सरकते. म्हणजे आपल्या डिस्कचा पहिला तास आतल्या भागात आहे आणि जिथे चित्र फुटते तो भाग कडेजवळचा आहे. डिस्क मध्यभागी पकडलेली असल्यामुळे ती वाकली तरी तिथे फरक पडत नाही. सर्वांत जास्त वर-खाली होते ती कड. सुरुवात चांगली आणि शेवट खराब, हे वाकलेल्या डिस्कचे नेहमीचे लक्षण आहे. अर्थात हलक्या प्रतीच्या डिस्कही बहुधा कडेलाच दगा देतात, त्यामुळे एवढ्यावरून लेबलाला दोषी ठरवता आले नसते. पण त्याच पाकिटातल्या बिनलेबलाच्या दोन डिस्क त्याच प्लेअरवर नीट चालतात, हा पुरावा लेबलाच्या विरुद्ध जातो.

कागदाचा एवढासा तुकडा हे कसे करतो? डीव्हीडी म्हणजे पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकच्या ०.६ मिलिमीटर जाडीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली १.२ मिलिमीटरची चकती. हे प्लास्टिक हवेतला ओलावा फारसा घेत नाही. कागद मात्र पावसाळी हवेत ओलावा घेऊन पसरतो आणि कोरड्या हवेत आकसतो. त्याखालचा गोंदही वाळताना आखडतो. हे सारे डिस्कच्या एकाच बाजूला घडत असल्याने ती बाजू हळूहळू दुसरीला ओढू लागते आणि चकतीला बशीसारखा किंचित बाक येतो. चिकटवल्या दिवशी डिस्क उत्तम चालते आणि वर्षाने चालत नाही, ते यामुळे. प्लेअर तापल्यावर हा ताण वाढतो, म्हणून काही डिस्क थंड प्लेअरमध्ये चालतात आणि अर्ध्या तासाने अडतात.

डीव्हीडीवरच्या दोन लगतच्या रेघांमधले अंतर ०.७४ मायक्रॉन असते. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा ऐंशी-शंभर रेघा सहज मावतील. डिस्क नुसती वर-खाली झाली तर प्लेअरमधले भिंग तिच्यामागे वर-खाली होऊन ते सांभाळून घेते, कारण कोणतीही डिस्क पूर्ण सपाट नसते हे गृहीत धरूनच त्याची रचना केलेली असते. पण पृष्ठभाग तिरका झाला की लेझरचा किरण सरळ परत न येता कलून येतो, त्याचा ठिपका फिसकटतो आणि शेजारच्या रेघांची सरमिसळ होऊ लागते. डीव्हीडीचे भिंग सीडीच्या भिंगापेक्षा बारीक ठिपक्यावर प्रकाश एकवटत असल्यामुळे तिला हा कल अधिक जाचतो. ‘माझ्या सीडींवर कितीतरी वर्षे लेबले आहेत आणि त्यांना काही झाले नाही’ असे सांगणारे लोक खोटे बोलत नसतात. ते बहुधा वेगळ्या जातीच्या डिस्कविषयी बोलत असतात.

लेबल जरासे एका बाजूला सरकून बसले तर तोलही बिघडतो. घरच्या प्लेअरमध्ये चित्रपट पाहताना डीव्हीडी मिनिटाला साधारण ६०० ते १,४०० फेरे घेते, तेवढ्या वेगाला हा दोष सहसा जाणवत नाही. संगणकाचा ड्राइव्ह तीच डिस्क पूर्ण वेगाने मिनिटाला सुमारे १०,००० फेऱ्यांपर्यंत नेतो. तेव्हा येणारी घरघर आणि टेबलाला जाणवणारी थरथर ही त्या सरकलेल्या लेबलाची असू शकते. मोटारीतल्यासारख्या, फटीतून डिस्क आत ओढून घेणाऱ्या प्लेअरमध्ये तर लेबल लावलेली डिस्क मुळीच घालू नये. कागदाची सुटलेली कड आत अडकली की डिस्क बाहेर काढण्यासाठी प्लेअर उघडावा लागतो.

खात्री करून घ्यायची असेल तर एक साधा प्रयोग करावा. बिघडलेली डिस्क कडांनी धरून तिच्या चकचकीत बाजूत छतावरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पाहावे आणि डिस्क सावकाश फिरवावी. बिनलेबलाच्या डिस्कमध्ये ती प्रकाशाची पट्टी कडेपर्यंत जवळजवळ सरळ राहील. वाकलेल्या डिस्कमध्ये ती कडेजवळ धनुष्यासारखी वळलेली दिसेल.

आता उपाय. लेबल ओढून काढण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. सीडीमध्ये माहितीचा आणि परावर्तनाचा थर लेबलाच्याच बाजूला, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. कागदाबरोबर तो चंदेरी पापुद्रा निघून आला की तेवढी माहिती कायमची गेली. डीव्हीडीत हा थर दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असला, तरी ओढताना चकत्याच एकमेकींपासून सुटू शकतात, आणि अर्धवट राहिलेला कागद तोल आणखी बिघडवतो. डिस्क वजनाखाली दाबून ठेवण्याचा उपाय पुष्कळजण सुचवतात. मला तो फारसा भरवशाचा वाटत नाही, कारण बाक आणणारा कागद आणि गोंद जागच्या जागीच राहतात.

दिलासा एवढाच की, बाक आल्याने डिस्कवरची माहिती पुसली जात नाही, ती वाचणे तेवढे कठीण होते. म्हणून बिघडलेल्या डिस्क आधी हाताळाव्यात. ड्राइव्ह थंड असताना, शक्य तितका वेग कमी करून, त्यांची नक्कल संगणकाच्या हार्ड डिस्कवर घ्यावी. एका ड्राइव्हने नाकारलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह मुकाट्याने वाचतो असे पुष्कळदा घडते, तेव्हा दोन-तीन ठिकाणी प्रयत्न केल्यावाचून आशा सोडू नये. आज नीट चालणाऱ्या लेबलवाल्या डिस्कचीही नक्कल याच वेळी करून ठेवावी.

प्रश्न : स्टिकर नको, तर डिस्कवर नाव लिहायचे कसे? मार्करची शाई आत झिरपून डिस्क खराब होते असे ऐकले आहे.

उत्तर : हे मार्करवर अवलंबून आहे. काही पक्क्या शाईच्या मार्करमध्ये झायलीन किंवा टोल्युइनसारखी तीव्र द्रावके असतात आणि सीडीवरच्या लाखेच्या पातळ लेपाला त्यांच्यापासून धोका संभवतो. पाण्यात विरघळणाऱ्या शाईचा, मऊ टोकाचा मार्कर निवडावा. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सीडी-डीव्हीडीच्या निगराणीविषयीच्या मार्गदर्शिकेतही चिकट लेबले टाळावीत आणि पाण्याच्या शाईचे मऊ मार्कर वापरावेत असाच सल्ला आहे. बॉलपेन मात्र कोणत्याही शाईचे नको. त्याच्या टोकाचा दाब सीडीच्या वरच्या बाजूने थेट माहितीच्या थरावर उमटतो.

सर्वांत निर्धोक जागा म्हणजे भोकाभोवतीचे पारदर्शक कडे. तिथे माहिती नसतेच. जागा कमी आहे, म्हणून तिथे फक्त क्रमांक घालावा आणि तपशील डबीच्या कागदावर लिहावा. चित्र हवेच असेल तर इंकजेट प्रिंटरवर छापता येणाऱ्या पांढऱ्या पृष्ठभागाच्या डिस्क मिळतात; शाई त्या लेपातच मुरत असल्याने कागद आणि गोंद यांचा प्रश्नच उरत नाही. छापल्यावर ती पूर्ण वाळू द्यावी, एवढेच.

प्रश्न : आधी लेबल चिकटवून नंतर डिस्क बर्न केली तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. वाचताना झालेली चूक पुन्हा वाचून सुधारता येते. थरथरत्या डिस्कवर लिहिताना उमटलेल्या चुकीच्या खुणा मात्र एकदाच लिहिता येणाऱ्या डिस्कच्या रंगद्रव्यात कायमच्या राहतात आणि पुढे कोणताही प्लेअर त्या दुरुस्त करू शकत नाही.