मनीचं धारोष्ण दूध

प्रश्न : आमच्या मनीला गवळ्याने ओतलेलं दूध तसंच लागतं, तापवलेलं ती हुंगतही नाही. अमेरिकेत गोठ्यातल्या मांजरी बर्ड फ्लूने मेल्या, असं मुलगा फोनवर सांगत होता. कोंबड्यांचा रोग दुधातून मांजरीला झाला, हे शोधून काढतात तरी कसं?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : ताई, आधी मनीचं दूध गॅसवर ठेवा, मग पुढचं वाचा.

२०२० च्या डिसेंबरअखेर आपल्या इंदूरच्या डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले, भोपाळच्या प्रयोगशाळेने बर्ड फ्लूचा एच५एन८ हा प्रकार सांगितला. ते पाखराचं पाखराला. गुंता होतो तो जनावरांत. दहा गायी आजारी पडल्या, तर दहाही जणींना पाखरांनी दिला की एकीने दुसरीला? इथे पोथीचा न्याय लावतात. लेखकूची चूक त्या पोथीवरून उतरवलेल्या सगळ्या प्रतींत जाते. विषाणूही आपल्या प्रती काढताना चुकतो. मार्च २०२४ मध्ये टेक्सासच्या गायींत बर्ड फ्लूचा दुसरा प्रकार, एच५एन१, सापडला, नंतर दूरदूरच्या राज्यांतही, आणि चुका त्याच! म्हणजे त्या साथीत पाखरांकडून आला एकदाच. पुढे नेला गायींनी, किंवा खरं बोलायचं तर त्यांना ट्रकमध्ये घालून हलवणाऱ्या माणसांनी.

महूच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शिकून जन्मभर गोठे तुडवले, पण फ्लू म्हटलं की मीही नाकच बघितलं असतं. या गायींच्या नाकात विषाणू थोडा, कासेत रग्गड. दूध पिवळट, दाट, चिकासारखं. यंत्राने धार काढताना तीच वाटी एकीच्या सडावरून दुसरीच्या सडाला लागते, पसरण्याचा मुख्य रस्ता तोच मानतात. टेक्सासच्या एका गोठ्यात असं कच्चं दूध प्यायलेल्या साधारण दोन डझन मांजरांपैकी निम्म्याहून जास्त गेली. अंग ताठ, डोळे गेलेले, जागच्या जागी गोल फिरत.

श्वासातून पसरतो का, हे फेरेटवर बघतात. मुंगसासारखा दिसणारा हा प्राणी फ्लू झाला की आपल्यासारखा शिंकतो. दोन पिंजरे शेजारी, एकात आजारी फेरेट, दुसऱ्यात धडधाकट, मध्ये भोकं पाडलेली भिंत. हवा एक, शिवाशिव नाही. पलीकडचा आजारी पडला की समजायचं, हवेतून गेला.

आपल्याकडेही छिंदवाड्याच्या पाळीव मांजरांत २०२५ च्या सुरुवातीला एच५एन१ निघाला होता, तेव्हा कच्चं चिकन नको आणि मेलेला कावळाही मनीच्या तोंडी लागू देऊ नका. उकळीत विषाणू टिकत नाही. मनी दोन दिवस रुसेल. गार दुधावरची साय पुढे करून बघा, तीही तापवल्या दुधाचीच असते.