पिक्चरातलं लग्न आणि आडतीवरची उचल

प्रश्न : नमस्कार ताई, पोरीचं लग्न ठरलंय. संगीत, हळदीला सगळ्यांना पिवळे ड्रेस, प्री-वेडिंग, वर ड्रोन, पोरगी म्हणती पिक्चरात असतं तसंच पाहिजे आणि पाहुणे पण तेच म्हणायलेत. सोयाबीनला भाव नाही, आडतीवरून, म्हणजे माल विकून देणाऱ्या दलालाकडून, व्याजानं उचल घ्यावी लागंल. हे सगळं पिक्चरमुळंच झालं का?
– एक वाचक, केज तालुका

उत्तर : दादा, सगळा दोष पिक्चरवर टाकता येणार नाही, चारचौघांत नाक वर राहावं म्हणून कर्ज काढून लग्न करायची सवय आपल्याकडं लै जुनी. पण लग्न दिसावं कसं, हे मात्र पिक्चरनंच शिकवलं. 1994 चा 'हम आपके हैं कौन' आठवा, कार्यक्रमामागून कार्यक्रम, घर कारखानदाराचं म्हणून त्यांना परवडतंय, पण बघणारा तीन एकरवाला, त्याला वाटतं लग्न म्हणजे असंच असतं, आणि मंडपवाल्याचं बिल कुणी दिलं ते पडद्यावर कधी येतच नाही! आपल्याकडं कानपिळी होती, आता जोडे लपवून हजारांत पैसे मागायलेत.

याच्या उलट 'सैराट' (2016). आर्चीची बुलेट, ट्रॅक्टर, वाडा सगळ्यांच्या लक्षात राहिलं, पण हैदराबादला पळून गेल्यावर झोपडपट्टीतली खोली, तिचं रडणं, मग ती बाटल्या भरायच्या कारखान्यात कामाला आणि परश्या डोशाच्या गाडीवर, हे नागराज मंजुळेंनी किती वेळ घेऊन दाखवलंय. पैसा गेल्यावर प्रेमाचं काय होतं, एकमेकांवर कशी चिडचिड होती, ते सगळं त्यात आहे. आपण मात्र बुलेट तेवढी उचलली, आता नवरीची एंट्री बुलेटवरून असती. मला याचं खरंच वाईट वाटतं. त्यांच्याच 'फँड्री'त जब्या नावाच्या पोराला जीन्स पाहिजे असती, त्या एका जीन्सपायी पोरगं कसं धडपडतं ते बघा, वस्तूची किंमत तिथं कळती.

पोरीवर चिडू नका, तिची हौस खोटी नाही. तिला शेजारी बसवा, कागद घ्या, एकेका कार्यक्रमापुढं रक्कम लिहा आणि उचलीचं व्याज पण लपवू नका, घरात पैशाचं पोरींना कुणी सांगतच नाही म्हणून त्या पिक्चरावरून अंदाज बांधतात. मग यातलं तुला मनापासून काय पाहिजे, ते तिलाच निवडू द्या. पाहुण्यांना विचारायची गरज नाही. आणि हे ड्रोनवाल्याला ॲडव्हान्स द्यायच्या आधी करा, एकदा दिलेला ॲडव्हान्स सहसा परत मिळत नाही.