स्टोव्हचा जुना काकडा वापरू का?

प्रश्न : आजीचा पितळी स्टोव्ह माळ्यावरून काढलाय, आणि जुन्या बाजारातून दोन काकडे पण आणलेत, चिमट्यासारखे, टोकाला पांढरट दोरी गुंडाळलेली. वापरू का?

उत्तर : दादा, कलेक्शनमध्ये ठेवा, पेटवू नका! ती पांढरट दोरी बहुतेक ॲसबेस्टॉसची असणार, जुनी झाली की तिचे तंतू सुटतात आणि फुप्फुसात जातात, म्हणून घासायची नाही, उपटायची पण नाही, सरळ सीलबंद पिशवीत घालून ठेवा. वापरायला वेगळा चिमटा घेऊन त्याला फायबरग्लासची वात बांधा. १८९२ च्या स्वीडिश प्रायमस स्टोव्हपासून गंमत तीच आहे, बर्नर तापल्याशिवाय रॉकेलची वाफ होत नाही, मग पिवळा भडका उडतो आणि पातेल्याचं बूड काळं. म्हणून आधी बर्नर तापवायला हा नवा काकडा स्पिरिटमध्ये भिजवा, बर्नरखाली अडकवून पेटवा, तोपर्यंत हवेचा स्क्रू उघडाच ठेवा, ज्योत विझत आली की स्क्रू बंद करून हळूहळू पंप मारा. रॉकेलनेही तापतं हो, पण काजळी फार धरते. आणि गरम स्टोव्हवर वरून स्पिरिट कधीच ओतू नका, त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसतच नाही.