पायलटला पगार कमी असेल तर विमान कमी सुरक्षित असतं का?

तुमचा प्रश्न असा की स्वस्त तिकिटाच्या विमानात कमी पगाराचे, नवखे पायलट असतात, मग आपण जीव मुठीत धरून बसायचं का. मी बरीच वर्षं आधी उजव्या सीटवर म्हणजे सहवैमानिक म्हणून आणि नंतर डाव्या सीटवर म्हणजे कॅप्टन म्हणून काढलीत, आता सिम्युलेटरवर (जमिनीवरच्या नकली कॉकपिटमध्ये) शिकवतो, तर माझ्या परीने सांगतो.

कंट्रोल हातात असताना कुणाच्याही डोक्यात पगार नसतो हो. मागच्या सगळ्यांच्या आधी तोच बसलाय नाकाशी, त्याला स्वतःचा जीव प्यारा नाही का. पगाराचा परिणाम होतो तो विमानात चढायच्या आधी, म्हणजे पायलट राहतो कुठे, झोपतो कुठे, ड्युटीवर यायला किती तास प्रवास करतो यावर.

12 फेब्रुवारी 2009 ला अमेरिकेत बफेलोजवळ कोलगन एअर या छोट्या कंपनीचं क्यू 400 जातीचं विमान पडलं, विमानातले 49 आणि खाली घरातला एक असे 50 जण गेले. फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) आईवडिलांकडे सिएटलजवळ राहायची आणि बेस, म्हणजे ड्युटी सुरू होते तो विमानतळ, होता देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, न्यूअर्कला. आदल्या रात्री ती मालवाहू विमानातून मेम्फिसमार्गे आली आणि क्रू रूममध्ये जमेल तशी पडली, त्यात सर्दी झालेली. कॅप्टनही दुसऱ्या राज्यातून यायचा, त्यानेही क्रू रूममध्येच रात्र काढलेली. चौकशीत तिचा वर्षाचा पगार 16 हजार डॉलरच्या आसपास असल्याचा आकडा आला, कंपनी नंतर म्हणाली 23 हजारांच्या वर होता. कुठलाही धरा, न्यूअर्कसारख्या महाग ठिकाणी एवढ्यात भाड्याची खोली घेऊन दाखवा! मीही क्रू रूमच्या खुर्चीत बूट न काढता झोपलोय, मान अवघडते आणि दर वीस मिनिटांनी कुणीतरी दार उघडतं, सकाळी आरशात बघून आपणच ठरवायचं की आपण फ्रेश आहोत.

पण सगळं खापर पगारावर फोडू नका. अहवालात मुख्य कारण कॅप्टनची चुकीची प्रतिक्रिया हेच दिलंय, थकवा होता पण त्याचा नेमका वाटा किती हे ठरवता आलं नाही असंही लिहिलंय. वेग कमी झाला, दांडा थरथरायला लागला, त्याला स्टिक शेकर म्हणतात, म्हणजे विमान तुम्हाला ओरडून सांगतंय की पंखांवरची हवा सुटायला आलीय, नाक खाली घाल. कॅप्टनने दांडा मागे ओढला, म्हणजे नाक वर केलं. आधी चेक राईडमध्ये (उड्डाणाच्या परीक्षेत) एकापेक्षा जास्त वेळा नापास झालेला माणूस होता तो.

हे ऐकून लोक म्हणतात, एवढी साधी चूक? मी सिम्युलेटरमध्ये आधी सांगून स्टॉल, म्हणजे पंखांवरची हवा सुटायची ही स्थिती, दिला की शंभरातले शंभर बरोबर करतात. पण बोलता बोलता, लँडिंगची तयारी चालू असताना न सांगता दिला की चांगल्या चांगल्यांचे हात अर्धा सेकंद मागे जातात, कारण जमीन जवळ असताना नाक खाली घालायला शरीरच तयार होत नाही. ती खडखड एकदा हातात बसली की माणूस विसरत नाही, पण बसवावी लागते, आणि त्या सरावाला पैसे लागतात.

आता अनुभव. त्या अपघातानंतर अमेरिकेत नियम आला की फर्स्ट ऑफिसरलाही उड्डाणाचे साधारण 1500 तास लागतील (सैन्यातून आलेल्याला 750, एव्हिएशनची डिग्री असेल तर 1000). गंमत अशी की त्या दोघांकडेही 1500 पेक्षा जास्त तास होते, कॅप्टनचे तर 3300 च्या वर! युरोपात दोनेकशे तासांवर मुलं एअरलाईनमध्ये उजव्या सीटवर बसतात आणि तिथली विमानं काही पटापट पडत नाहीत. छोट्या विमानातून त्याच शेतावर हजार घिरट्या घातल्या तरी वहीत हजार तास भरतात, तेवढ्याने बर्फ साचलेल्या पंखाचं विमान कळत नाही.

आणि उलटंही बघा. 1977 ला टेनेरिफ या स्पेनच्या बेटावर धुक्यात दोन जंबो धडकले, 583 माणसं गेली, तिथे केएलएम या डच कंपनीचा कॅप्टन म्हणजे कंपनीतला 747 चं (म्हणजे जंबोचं) ट्रेनिंग देणारा ज्येष्ठ माणूस, पगार आणि तास दोन्ही भरपूर. फ्लाईट इंजिनियरने विचारलंही की समोरचं विमान रनवेवरून बाहेर गेलंय ना, कॅप्टनने हो म्हणून टाकलं आणि विषय संपला. त्यानंतर कॉकपिटमध्ये ज्युनियरने बोलायचं आणि सीनियरने ऐकायचं हे मुद्दाम शिकवायला लागले. माझ्या मते तासांच्या नियमापेक्षा याने जास्त जीव वाचवलेत, पण हे माझं मत.

मग पगाराने फरक पडतच नाही का? पडतो, पण हळूहळू. हडसन नदीत विमान उतरवणारे कॅप्टन सलनबर्गर त्याच 2009 मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे म्हणाले की त्यांचा पगार 40 टक्के कापलाय, पेन्शनही गेलीय, आणि अशाने चांगली पोरं या धंद्यात यायची नाहीत. त्यात बहुतेक ठिकाणी पगार सीनियॉरिटीवर ठरतो, कंपनी बदलली की वीस वर्षांचा कॅप्टनसुद्धा यादीच्या तळाशी, म्हणून माणूस वैतागला तरी तिथेच चिकटून राहतो. पुढे अमेरिकेत पायलटच मिळेनात तेव्हा 2022 मध्ये काही छोट्या कंपन्यांनी नवख्यांना तासाला 90 डॉलर देऊ केले, तात्पुरती वाढ धरून. म्हणजे पैसे होते.

तेव्हा दारातून आत शिरताना कॉकपिटमध्ये उजव्या सीटवर पोरगेलासा चेहरा दिसला तर घाबरू नका, नुकताच ट्रेनिंग संपवून आलेला असेल तर त्याचा सिम्युलेटरचा सराव ताजा असतो आणि शेजारी कॅप्टन असतो. मी स्वतः प्रवासी म्हणून बसतो तेव्हा मला एकच गोष्ट जाणून घ्यावीशी वाटते की हे दोघं काल रात्री पलंगावर झोपले होते का, पण ते काही तिकिटावर छापत नाहीत.