मुलाचं नाव ‘सचिन’ ठेवावं का? जुनं वाटेल का?

ठेवा, बिनधास्त ठेवा. मला हे नाव मनापासून आवडतं.

लोकांना वाटतं हे नाव क्रिकेटमुळे आलं. तसं नाही. तेंडुलकरचा जन्म 1973चा, आणि त्याचे वडील, कवी-प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांनी संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून त्याचं नाव ठेवलं. सचिन पिळगावकर तर त्याच्याही आधी, साठच्या दशकातच बालकलाकार म्हणून घराघरांत पोहोचले होते. म्हणजे एका बंगाली संगीतकाराचं नाव आपल्याकडे इतकं रुळलं, की आज ते अस्सल मराठी वाटतं. मला याचं फार अप्रूप आहे.

माझ्या मनात हे नाव आलं की एक शांत, कामाशी काम ठेवणारा माणूस उभा राहतो. नोव्हेंबर 2013मध्ये वानखेडेवर तेंडुलकरने निरोपाचं भाषण केलं, तेव्हा आमच्या घरात कोणाचेच डोळे कोरडे नव्हते. सचिन खेडेकरांचा भारदस्त आवाजही या नावाला चिकटलेला आहेच.

अडचण एकच. आता चाळिशी-पन्नाशीत असलेल्या पिढीत सचिन पुष्कळ. वर्गात दोन-तीन असायचेच, मग आडनावाने हाका. तुमच्या मुलाच्या वर्गात मात्र आरव आणि विहान जास्त असतील, त्यामुळे तो बहुधा एकटाच सचिन असेल. ‘सच्या’ म्हणतील मित्र, तेवढं धरून चाला.

आजी-आजोबांनाही उच्चारायला सोपं, जोडाक्षर नाही. जुनं म्हणून टाळू नका.