जॉन कार्नी: ‘बिगिन अगेन’नंतर काय बघावं?

‘बिगिन अगेन’ हा सिनेमा आवडला, आता त्याचा दिग्दर्शक जॉन कार्नीचं पुढे काय बघू, आणि तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो हे खरं का, असं तुम्ही विचारलंय. पुढचा ‘वन्स’ बघा, जमलं तर आज रात्रीच. आणि हो, गोष्ट बरीचशी तीच असते: दोन अडलेली माणसं भेटतात आणि मिळून गाणं करतात. मला ती त्याची ताकद वाटते, कारण गाणं होताना दाखवणं त्याच्याइतकं फार थोड्यांना जमलंय.

ते येतं कुठून, तर तो मुळात वाजवणारा माणूस. जन्म १९७२, डब्लिनचा. १९९० ते १९९३ ‘द फ्रेम्स’ या बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा, त्यांचे व्हिडिओही करायचा. मग छोटे सिनेमे, आयरिश टीव्हीवर ‘बॅचलर्स वॉक’ ही मालिका.

‘वन्स’मध्ये खरं तर किलियन मर्फी नायक होणार होता. तो बाहेर पडला, पाठोपाठ निर्मातेही गेले. तेव्हा कार्नीने गाणी लिहिणाऱ्यालाच, ‘द फ्रेम्स’च्या ग्लेन हॅन्सार्डलाच, कॅमेऱ्यासमोर उभं केलं. सोबत मार्केटा इर्ग्लोव्हा ही चेक मुलगी, तेव्हा विशीच्याही आतली. आयरिश फिल्म बोर्डाचे लाखभर युरो आणि १७ दिवसांचं शूटिंग. रस्त्यावरची दृश्यं लांबून, मोठ्या लेन्सने घेतली, म्हणजे येणारेजाणारे आपल्या वाटेने चालत राहतात.

वाद्यांच्या दुकानातला प्रसंग मी कितीदा पाहिलाय. तिच्याकडे पियानो नाही, म्हणून ती दुपारी तिथे येऊन वाजवते. तो शेजारी गिटार घेऊन बसतो, कॉर्ड सांगतो. ती आधी सूर चाचपते, मग हलकेच मागून येते, आणि बघता बघता दोघं एका आवाजात गायला लागतात. मी बरीच वर्षं पेटीवर साथ करतोय. समोरच्याच्या गाण्यात असं दबकत शिरणं म्हणजे काय, हे इतकं खरं मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलं नाही. ते गाणं ‘फॉलिंग स्लोली’. २००८ साली त्याला ऑस्कर मिळालं.

आता तुमच्या ‘बिगिन अगेन’मधला बार आठवा. नायिका एकटी गिटारवर गातेय आणि दारू प्यायलेल्या मार्क रफेलोला मागे ड्रम, पियानो, व्हायोलिन आपोआप वाजताना दिसतात. दुकानातलाच प्रसंग, फक्त इथे साथ एकाच्या डोक्यात चाललीय.

त्यानंतर ‘सिंग स्ट्रीट’ (२०१६). १९८५चं डब्लिन, घरात पैशाची ओढाताण, आणि एका मुलीवर छाप पाडायला बँड काढणारा शाळकरी मुलगा. नाव सिंज स्ट्रीटच्या शाळेवरून, कार्नी तिथेच शिकला. यातला थोरला भाऊ चुकवू नका. ‘फ्लोरा अँड सन’ (२०२३) गोड आहे, पण सगळ्यात शेवटी बघितला तरी चालेल. ‘मॉडर्न लव्ह’ ही मालिकाही त्याचीच. आपल्याकडची ‘मॉडर्न लव्ह मुंबई’ तिच्यावरूनच निघाली.

एक विनंती. ‘वन्स’मध्ये टेकडीवर तो तिला विचारतो, नवऱ्यावर प्रेम आहे का? ती चेक भाषेत उत्तर देते. त्याला ते कळत नाही, आणि खाली सबटायटलही येत नाही. सिनेमा संपेपर्यंत त्याचा अर्थ शोधू नका.